खाडीवरची बंदी

या, जरा जवळ या. दारातून मान आत घालून "आल्या का वो समुद्र पाहून?" एवढं विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आधी निघून जायचं, ही कुठली रीत? आल्यापासून बघते आहे, ज्याला त्याला फक्त फोटो पाहिजे. फोटो बघून झाला की "मजा केली बाप्पा तुम्ही" म्हणून मोकळे. मजा केली की काय केलं हे सांगायला तोंड उघडावं, तर समोर कोणी नसतं. म्हणून लिहायला बसले. आता लिहिलंच आहे तर नीट वाचा. मधल्या ओळी गाळू नका, आणि वाचता वाचता मोबाइल बघू नका.

माझी लेक लता कोकणात दिली आहे. दिली म्हणजे मी दिली नाही, तिची ती गेली. नर्सचं शिकून तिकडच्या एका खाडीकाठच्या गावात कंत्राटी नोकरीवर गेली आणि तिथल्याच होडीवाल्याशी, रमाकांतशी, लग्न केलं. पुढे कंत्राट संपलं. तेव्हा सासूच्या मागे मागे खाडीत उतरून ती तिसऱ्या (चिखलवाळूत सापडणाऱ्या शिंपल्या, त्यांच्या आतलं मांस खातात) काढायला शिकली आणि बाजारात विकायला लागली. देऊळघाटची पोरगी, विहिरीची पायरी उतरायला भिणारी! इतकी वर्षं ती बोलवत होती आणि मी टाळत होते. या वेळी होळी झाल्यावर तिचा फोन आला.

"माय, खाडी पाह्यची असंल तर आता ये. पुढच्या वर्षी ये, असं नाही म्हणत मी."

"काऊन ग? काय झालं?"

"ये तर खरी."

लेकीचा आवाज असा आला की आई मागचंपुढचं बघत नाही. निघाले.

विहिणीकडे पहिल्यांदा जायचं म्हणजे हात हलवत कसं जाणार? शेवया घेतल्या, कुरड्या घेतल्या, उडदाचे पापड घेतले. शेजारच्या शकीलाने वाळल्या मिरच्यांची पिशवी आणून दिली. "कोकणातल्या लोकायले खरं तिखट माहीत नसते, द्या त्यायले," म्हणाली. राजूरचा घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर, तिथून रेल्वे, ठाण्याला गाडी बदलून कोकणची रेल्वे. तिथं एक जाडजूड गृहस्थ माझ्या पिशवीवर बसले. उशी समजले असतील. थोड्या वेळाने डब्यात एकजण शिंकला, मग दुसरा, मग समोरची बाई खोकायला लागली, आणि बघता बघता सगळा डबा डोळे पुसत बसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बोगदा आला तेव्हा जरा बरं वाटलं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं माझी लेक नांदते आहे. मालवणच्या बाजूला आहे, एवढं समजा.

एसटी जिथं थांबते तिथं रस्ता संपतो आणि पुढे पाणी लागतं. समुद्र म्हणून मी जे बघायला गेले होते ते तिथं नव्हतं. आपल्या पैनगंगेला पूर आल्यावर असतं तसं रुंद, मातकट, हळू पाणी. दोन्ही काठांना चिखलात पाय रोवून उभी राहिलेली झाडं. त्यांची मुळं जमिनीच्या वर, कोळ्याच्या तंगड्यांसारखी. त्यांना कांदळ म्हणतात.

"हाच का समुद्र?" मी रमाकांतला विचारलं.

"ही खाडी, आई. समुद्राचं पाणी इथवर येतं आणि परत जातं. भरतीला वर, ओहोटीला खाली." त्याने माझं गाठोडं होडीत ठेवलं आणि नाक चोळलं. "ह्यात काय आहे?"

"मिरच्या. तुझ्या आईले."

होडीत मी बसले ती दोन्ही हातांनी काठ धरून. वाटेत एके ठिकाणी नारळाची झाडं पाण्यात आडवी पडलेली दिसली. शेंडे पाण्यात, मुळं आभाळाकडे. मला वाटलं वादळ झालं असेल.

"वादळ नाय," रमाकांत म्हणाला. "खाली वाळूचा पंप लागला. तळातली वाळू ओढली, तसा काठ खचला. आता ठेकेदाराने आमच्या बाजूची वाळू मागितलीय."

मग लता काऊन अशी बोलली, ते मला कळलं.

विहीणबाई, पार्वतीबाई त्यांचं नाव, अंगणात उभ्या होत्या. शिडशिडीत, माझ्याच वयाच्या, कासोटा घालून नेसलेलं लुगडं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"येवा, येवा! गावली म्हणायची वाट!"

"वाट कुठं गेली होती? तुमचं पाणीच मधात आडवं येते."

"पाण्याक कित्याक बोल लावतास? माझी सून पोहोन इली काय?"

लता हसून आत पळाली. आमचं दोघींचं तिथंच जमलं. त्या मालवणी बोलायच्या, मी वऱ्हाडी, आणि भांडण असलं की दोघींना सगळं समजायचं. मिरचीची भाजी केली तर त्या दिवसभर पाणी पीत बसल्या, पण "चव हा," म्हणायचं सोडलं नाही.

जेवायला भात, सोलकढी आणि बांगड्याचं सार. मी वाट बघत होते ती तिसऱ्यांची. इतकी वर्षं लता फोनवर सांगायची, ओलं खोबरं घालून कसं सुकं करतात, शिंपली हातात धरून कसं ओरपतात. मी शेवटी विचारलंच.

"आता खंय तिसरे?" विहीणबाई म्हणाल्या. "बंदी हा."

संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा त्यांनी मला काठावर नेऊन दाखवलं. पाणी मागे सरकलं आणि खाडीच्या मधोमध एक लांब पट्टा उघडा पडला, काळसर, ओलसर, चमकणारा. त्याला पुळण म्हणतात. तिसऱ्या त्यातच राहतात. पुळणीच्या टोकाला एक काठी रोवलेली होती, तिला आंब्याचा टहाळा बांधलेला, सुकून गेलेला. होळी झाली की गावकार (गावातर्फे देवाशी बोलणारा मानकरी) गाऱ्हाणं घालून ती काठी रोवतो. त्या दिवसापासून उन्हाळा बराच वर चढेपर्यंत पुळणीत कोणी पाय ठेवायचा नाही. बायकांनी नाही, पोरांनी नाही, कुत्रं गेलं तर तेही हाकलायचं.

"देवीचं आहे का काही?" मी विचारलं.

"देवीचा हा, आणि पिल्लांचा पण. ह्या दिवसांत पिल्लां लागतत. नखाएवढी, कागदासारखी पातळ. पाय पडलो काय कुरकुर वाजता. तो आवाज एकदा ऐकलास मा, मग परत पाय टाकूचो जीव होणा नाय."

"आणि कोणी टाकलाच तर?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी, चुलीत पाणी ओतलं तर काय होईल, असं काही विचारलं असावं.

दुसऱ्या दिवशी लता म्हणाली, "चाल माय, तुले फिरवून आणतो." मला वाटलं किल्ला दाखवेल. लोक कोकणात जाऊन किल्ले बघतात, देवळं बघतात. माझ्या लेकीने मला कचेऱ्या दाखवल्या.

पहिली गावची ग्रामपंचायत. सरपंचबाई चांगली, चहा पाजला. "ठराव केलाय आम्ही, एकमताने. पुळणीला हात लावू नये असा. वर पाठवलाय. आता वरचं वरचे बघतील."

मग एसटीने तालुक्याला. तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं की भरतीचं पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या वर त्यांचं काम. रेषेच्या खाली पाणी. पाणी त्यांच्याकडे नाही. "पण साहेब," लता म्हणाली, "ओहोटीला तिथं पाणी नसतं. जमीन असते." "ती तेवढ्यापुरती असते हो," ते म्हणाले. पाणी ज्यांच्याकडे, ती कचेरी शेजारच्याच इमारतीत. ते म्हणाले, बोटी चालतात तेवढं आमचं, शिंपल्या म्हणजे मासळी. मासळीवाल्यांकडे गेलो. तिसरी आमचीच, ते म्हणाले, पण ती ज्यात राहते ती वाळू. वाळू म्हणजे खनिज. आणि झाडांच्या कचेरीत तर उलटंच झालं. तिथल्या माणसाने लताला विचारलं, "पुळणीवर तुम्ही जाता कशा?" "कांदळातल्या पायवाटेने." "म्हणजे कांदळातून चालता? ते राखीव आहे. तसं बघितलं तर तुमच्यावरच केस होते." त्याने केस केली नाही. उपकार केल्यासारखा हसला.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आमच्याकडे एका बांधावरून दोन भाऊ डोकी फोडून घेतात. इथं एका चिखलाच्या पट्ट्याला मालक इतके, की भरती आली की एकाचा आणि ओहोटी लागली की दुसऱ्याचा. आणि राखायचा म्हटलं की कोणाचाच नाही. विकायचा म्हटल्यावर मात्र सही करणारा कुठून तरी सापडतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तोवर दुपार टळली होती. तिथं एक कारकून मान खाली घालून कागद चाळत होता. लता त्याच्याशी शुद्ध बोलत होती. मी मागून म्हणाले, "अवं, त्यायले इचार ना, कोनं पाह्यलं का कधी तिथं येऊन?"

त्याने मान वर केली. "मावशी, तुमी बुल्डाण्याच्या काय?"

"देऊळघाटची. तू?"

"जळगाव जामोद! या, बसा. इथं तीन वर्षांपासून कोनी 'काऊन' म्हणून नाही बोललं माह्याशी."

त्याने पंखा आमच्याकडे वळवला, पाणी मागवलं. मग आवाज खाली आणून सांगितलं. "पाहा ताई, नकाशा मुंबईले बनते, मंजूर दिल्लीले होते. त्याच्यात तुमची पुळण कुठं दिसत नाही. पण एक रस्ता आहे. परवानगीच्या आधी पाहणी करा लागते. सायेब स्वतः येऊन राह्यले ह्या आठवड्यात. त्यायले फक्त एवढं दिसलं पाह्यजे, की बाया पुळणीत तिसऱ्या काढून राह्यल्या. लोकायचं पोट त्याच्यावर आहे असं दिसलं, तर वाळूची परवानगी थांबते. समजलं? दिसलं पाह्यजे. बाकी काई नाही."

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच, मावशी."

आम्ही हसत बाहेर आलो. कचेरीच्या आवारात लताने मला शहाळं पाजलं. एसटीत मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, इतकं निवांत वाटलं. आपल्या भागाचा माणूस देवासारखा भेटला, असं म्हणत होते मी. ती मात्र जागी होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "माय, बंदी आहे."

माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

विहीणबाईंच्या अंगणात त्या संध्याकाळी तिसऱ्या काढणाऱ्या सगळ्या बायका जमल्या. मी ओसरीवर, शेवया निवडायचं निमित्त करून. लताने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "एक दिवस. एक ओहोटी. आपण नेहमीसारख्या टोपल्या घेऊन उतरायचं, साहेब बघतील, फोटो काढतील, संपलं. मग पुन्हा बंदी. देवीला नारळ देऊ."

बायका विहीणबाईंकडे बघायला लागल्या. विहीणबाई खाली बघत होत्या.

"गावकाराक इचारलास?"

"विचारलं. ते म्हणाले, बायकांचा घास आहे, पार्वती काय म्हणते बघा."

"मगे मी सांगतंय. उतरूचा नाय."

"आई, पंप आला तर पिल्लं काय, आईबाप पण राहणार नाहीत! एक दिवस पाय टाकला तर थोडी मरतील. नाही टाकला तर सगळी!"

"तो पंप मारीत. आमी नाय मारूचे."

"म्हणजे मेलेली चालतील, फक्त आपला हात नको?"

हे जरा जास्तच लागलं. एक म्हातारी म्हणाली, "गो, सासूशी असा बोलतत?" लता म्हणाली, "मी सासूशी नाही बोलत, पुळणीसाठी बोलते." विहीणबाईंचा चेहरा उतरला, पण मान हलली नाही. दुसऱ्या एकीने विचारलं, "पार्वती, साहेबाक आपण सांगूया मा, बंदी हा म्हणान? शिकलेलो माणूस तो. बंदी म्हणजे राखण, ह्या त्याका समजात."

समजेल, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं. घरामागे वर्षानुवर्षांच्या शिंपल्यांचे ढीग आहेत, माणसाच्या उंचीचे. ते दाखवू. टोपल्या दाखवू. काठी दाखवू.

मी तेव्हा मधे पडले. म्हणाले, "विहीणबाई, तुमाले बंदी आहे. मले तर नाही. मी बुल्डाण्याची. मी उतरतो आन् दोन मुठी काढून देतो सायबाच्या हातात. तुमचा देव मले ओळखत पन नाही."

बायका हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत.

"आमच्या चुलीर जेवलात मा? मगे आमचो नेम तुमका पण."

मी शेवया निवडल्या.

पाहणीच्या दिवशी साहेब आले ते बरोबर ओहोटीच्या वेळी. मला वाटलं होतं तसा तो माणूस नव्हता. तरुण होता, नम्र होता, बूट काढून हातात घेऊन चालत आला. बरोबर दोघेतिघे. बायका काठावर ओळीने उभ्या, डोक्यावर रिकाम्या टोपल्या, पाय कोरडे. समोर पुळण, दुपारच्या उन्हात लखलखीत, एवढीशी पायाची खूण नसलेली.

"कुठे काढता तुम्ही शिंपल्या?" साहेबांनी विचारलं.

"हय. समोर."

"आज कोणी काढत नाही?"

"बंदी हा, साहेब."

"कोणाची बंदी? शासनाची?"

"गावाची. देवीची. पिल्लांचे दिवस हत."

साहेब थांबले. त्यांना समजलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना समजलं होतं, मी शपथेवर सांगते. पण बरोबरचा एकजण म्हणाला, "सर, म्हणजे सध्या इथं काढणं बंद आहे." साहेब म्हणाले, "सध्या बंद आहे, बरोबर. पण नेहमी चालतं ना?" "चालता! शेकडो वर्सां चालता!" सगळ्या बायका एकदम बोलल्या. मागचे शिंपल्यांचे ढीग दाखवले. तो बरोबरचाच माणूस म्हणाला, "हे जुनं असू शकतं."

"मला जे दिसेल तेच लिहावं लागतं हो," साहेब म्हणाले. आवाज असा, की त्यांनाच मदत हवी होती. "एकदोघी जरी उतरल्या असत्या आत..."

तेव्हा लताने टोपली डोक्यावरून काढली. साडी खोचली. एक पाऊल पुढे टाकलं, तिचा अंगठा ओल्या वाळूच्या कडेला टेकला असेल नसेल. विहीणबाईंनी तिचं मनगट धरलं. जोरात नाही. ओरडल्या नाहीत. नुसतं धरलं. लता ते सोडवू शकली असती, माझी लेक पाण्याचे हंडे वाहिलेली आहे. तिने सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बघत राहिले. ती उभी राहिली, तशीच, एक पाय पुढे काढून, पाणी परत चढायला लागेपर्यंत.

साहेबांबरोबरच्या त्या माणसाने फोटो काढले. सगळ्या बाजूंनी काढले. रिकामी पुळण, काठी, सुकलेला टहाळा.

जाताना साहेबांना शहाळं दिलं. पाहुणा तसाच पाठवायचा नाही. त्यांनी खालमानेने प्यायलं.

काही दिवसांनी रमाकांतच्या मोबाइलवर कोणीतरी निकाल पाठवला. त्याने तो ओसरीवर उभं राहून वाचला. सदर ठिकाणी पाहणीच्या वेळी शिंपले वेचण्याचे काम आढळून आले नाही, सबब उपशास हरकत दिसत नाही. असं काहीसं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

कोणी रडलं नाही. लता घरात गेली, टोपल्या माळ्यावर टाकल्या, आणि खाली येऊन सासूला म्हणाली, "तुमची बंदी राहिली, आई. आता पुळण राहते का ते बघा." त्यानंतर त्या दोघी बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. एका चुलीवर स्वयंपाक, आणि मीठ संपलं तर माझ्यामार्फत निरोप. मी निघायच्या दोन दिवस आधी पंपाची बोट आली. त्यावरची पोरं परमुलखातली, हिंदी बोलणारी, पोटासाठी आलेली. त्यांनी बोट पुळणीच्या टोकाला आणली, दोरी बांधायला काही मिळेना, तर त्या काठीलाच बांधली. चांगली घट्ट रोवलेली होती. दिवसभर टिकली.

विहीणबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. मी जवळ गेले. वाटलं होतं, आता काहीतरी बोलतील. चुकले म्हणतील, नाहीतर देव बघून घेईल म्हणतील. त्या म्हणाल्या, "आवाज येता काय तुमका? पंपाखालसून?" पंपाच्या घरघरीत मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"माका येता."

त्याच संध्याकाळी मी लताला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुह्या सासूले मी घेऊन चालली." ती म्हणाली, "ने." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तिच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत. उपाशीपोटी देऊ नको." आणि पिशवी भरून दिली तिनेच. एवढ्यावर मी आशा धरून आहे.

विहीणबाई रेल्वेत पहिल्यांदाच इतक्या लांब बसल्या. घाट चढून गाडी वर आली तशा खिडकीला चिकटल्या. "पाणी खंय?" मधून मधून विचारायच्या. मी म्हणायचे, येईल, येईल. नाशिक गेलं, जळगाव गेलं. मलकापूरला उतरलो, राजूर घाट चढून आलो. रिक्षा आपल्या नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितली.

आपली पैनगंगा तुम्हाला रोज दिसते म्हणून दिसत नाही. मलाही दिसत नव्हती. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं. खड्डे. डबकी. ट्रॅक्टरची चाकं उमटलेला गाळ. वाळू नावालासुद्धा नाही.

"हय वाळू नाय?"

"होती."

"पंप इलो?"

"पंप काऊन लागते? ट्रॅक्टर आहेत ना. आपलेच."

"कोणी इचारला नाय? पाहणी?"

आमच्याकडे कोणी पाहणीला आलं नाही आणि कोणी काठी पण रोवली नाही, हे कसं सांगू? तिकडे काठी रोवणाऱ्यांची पुळण गेली, इकडे न रोवणाऱ्यांची नदी गेली. हे पाणी त्यांच्या समुद्राला जातसुद्धा नाही, गोदावरीत मिळून पार पलीकडच्या समुद्राला जातं. त्याच्या काठावरही कोणी पार्वतीबाई असेलच, आणि तिथवर आपली डबकी कधी पोचतात ते तीच जाणे. बुलढाण्यात बसून समुद्र आपला कोण, असं मी पण म्हणत होते. आता तोंड उघडत नाही.

आज त्या माझ्या ओसरीवर बसल्या आहेत. शकीला येऊन गेली, मिरच्यांची खबर विचारली, दोघी कोणत्या भाषेत बोलल्या देव जाणे, पण तासभर बोलल्या. बाकी तुम्ही दारातूनच परतता.

म्हणून सांगते. आखाजीला, तिकडच्या अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या गावची बंदी उठते. गावकार नारळ फोडतो, बायका ओळीने पुळणीत उतरतात आणि सगळ्यांत पुढे माझी विहीण असते. यंदा त्या दिवशी ती इथं असेल. तिने मला अजून तारीख विचारलेली नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते, ते मला दिसतं. त्या दिवशी माझं घर रिकामं नको. कोणी समजूत घालू नका, समुद्राच्या हवेची चौकशी करू नका. पोरंबाळं घेऊन या, तुमच्या शेतातली वांगी आणा, तिला वऱ्हाडीत चिडवा, ती मालवणीत परतफेड करेल. आणि आखाजीपर्यंत तरी कशाला थांबता? उद्याच या. दारात उभ्या राहू नका, सरळ आत या.